कानातले बोळे

साचेखात्यात बारा नंबरच्या साच्यावर फागो रामटेके.
मी बॉबिन पोचवणारा पोऱ्या,
वय अकरा, कार्डावर चौदा.

तिथं चारशे धोटे एकदम धावत.
कुणाचं कुणाला ऐकू जात नसे,
जॉबरची शिवीसुद्धा आम्ही ओठांवरून वाचायचो.

फागोला बाहेरही ऐकू येत नाही,
असं अख्खं इंदोरा म्हणे. तोफांनी कान खाल्ले त्याचे.
भोंगा झाला की पोरं मागून ओरडत, ‘ए भैऱ्या!’
तो डबा हलवत सरळ चालत राही.

बोलायचा मात्र खात्यातच.
आवाज न काढता, नुसत्या ओठांनी,
तुटलेला धागा जोडता जोडता, मला:

‘बॅटरी गोऱ्यांची, खच्चरं हाकणारे आमी.
माह्या खच्चरीचं नाव सगुणा.
निघताना कामठीच्या जिनातून मूठभर कापूस घेतला होता,
अर्ध्याचे बोळे माह्या कानात, अर्ध्याचे तिच्या.
माह्या कानातले पहिल्याच दिवशी गळून पडले.
तिचे टिकले.

पुढं नदी. आपली कन्हान बरी तिच्याहून.
काठाला माणसाच्या उंचीच्या नाल्या.
सायब लोक वेगळं नाव घेत, मी नालीच म्हणतो.
पाणी चढलं की पलटण कमरेपर्यंत त्यात उभी,
तिथंच खाणं, तिथंच हागणं,
तिथंच एकमेकाच्या खांद्यावर डोकं टाकून झोप.

पहाटे सायब घड्याळ घेऊन उभा राहे.
गोळ्यांचा पडदा टाकायचा,
पडद्याआडून पलटण चालणार.
तीन मिनिटांनी पडदा पन्नास यार्ड पुढं.
पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा पन्नास.
कापडच ते बे. एक धागा चुकला, की’

इथं तो साचा थांबवी.
काही नसताना धोटा तपाशी.

पुढचं वाक्य यायला दिवाळी उजाडली.

‘कमी पडले. पन्नास यार्ड.
आपले आपल्यावर.
पलटणीमागं डोलीवाले होते, त्यात नबीबक्ष,
कामठीच्या विणकराचा. आदल्या राती
माह्याच चिलमीतून ओढून गेला होता.
ती पेटी सगुणाच्या पाठीवरची का दुसऱ्या कुणाच्या,
गोळ्यावर नाव नसते.
कागद आला त्यात लिवलं, दुश्मनाच्या माऱ्यात.’

संत्र्यांच्या दिवसात तो टोपली घेऊन कामठीला जाई.
त्या वर्षी टोपली माझ्या डोक्यावर.
नबीबक्षची माय चरख्यावर कांड्या भरत बसली होती.
उठली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं,
कानाला ओठ लावून ओरडली,
‘माहा नबी कसा गेला, सांग तं!
इतकी वर्षं विचारतो तुले, सांग तं!’

फागोनं कानाकडे बोट दाखवलं.
मान हलवली.
तिनं हात सोडले, आणि आम्हाला पाणी दिलं.

परतताना, गल्लीच्या तोंडाशी,
माझ्या खिशात लपवलेलं एक संत्रं
मागं मातीत पडलं. आवाज तो काय.
फागो वळला.

मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं.
संत्रं उचललं, धोतराला पुसलं, सोललं,
मोठा अर्धा मला दिला.
इंदोऱ्यापर्यंत आम्ही बिया थुंकत आलो.

आता मिलच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे.
माझेही कान साच्यांनी नेले.
धंतोलीच्या डॉक्टरनं यंत्र बसवून दिलं,
तेव्हापासून भांडी घासल्याचंसुद्धा ऐकू येतं, नको तितकं.

परवा कामठीहून एक माणूस आला,
नबीबक्षच्या भावाचा नातू.
पिशवीत पितळेचं गोल पदक, त्यावर नाव चुकीचं कोरलेलं.
‘बाबा, तुम्ही त्या रामटेकेंच्या हाताखाली होते ना?
ते काही बोलले होते का कधी?’

चहा आला. तो निवेपर्यंत मी
कानामागच्या बारक्या बटणावर
अंगठा ठेवून बसलो होतो.